पाचच्या खुणेपर्यंत पाणी

निम्मी तूर तेल चोळून गच्चीवर पसरली, निम्मी अजून घमेल्यातच आहे. तरी वही घेऊन बसले. शिलाबद्दल आज लिहिलं नाही तर मी रोज काहीतरी काम काढून ते टाळत राहीन.

शिला आमच्या मागच्या खोलीत सात वर्षं भाड्यानं राहते. माहेर सेनगावकडचं गोरेगाव. लग्नाला तीन वर्षं झाली नाहीत तोच नवऱ्यानं दुसरी केली. मग ही नर्सिंग शिकली आणि हिंगोलीला लेकरांच्या दवाखान्यात लागली. तिथं नवजात बाळांच्या खोलीत तिची ड्युटी. ज्यांची फुप्फुसं अजून कच्ची आहेत अशी वीतभर लेकरं तिथं असतात. त्यांच्या नाकाला नळी लावून हवा देणारी चार मशीनं आहेत. रोज सकाळी सातला ती चारही तपासायची, हे शिलाचं काम.

कसं तपासतात ते तिनंच मला पायरीवर बसून सांगितलं होतं. नळीचं एक टोक पाण्याच्या बाटलीत बुडालेलं असतं. पाणी पाचच्या खुणेपर्यंत. लेकराला लावायच्या आधी नाकाकडचं टोक तळहातानं दाबून धरायचं. पाण्यात बुडबुडे उठले तर मशीन चांगलं, नाही उठले तर हवा कुठंतरी गळते आहे. पाणी वाढलं की लेकराच्या छातीवर जोर वाढतो. जोर कमी पडला तर फुप्फुस मिटतं, जास्त झाला तर फाटतं.

"तीन नंबर आज रुसली व्हती, काकू," संध्याकाळी पाय धुता धुता ती सांगायची. "किती दाबून धरलं तरी गप. नळी बदलली, मंग बोलायला लागली."

"बरंय, तुझ्याशी कोणीतरी बोलतं," मी म्हणायचे.

"व्हय ना. मशीन बोलते, तुमी बोलता. झालं आमचं गणगोत."

हसून म्हणायची, पण होतं तसंच. भाऊ दिवाळीला नेतो आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसवून देतो. दवाखान्यातली लेकरं बरी झाली की जातात. आयांनी तिचं तोंड कधी पाहिलेलंच नसतं, नेहमी मास्क. एकदा बाजारात आम्ही कोथिंबीर घेत होतो. शेजारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी. शिला त्या लेकराकडं बघतच राहिली. बावीस दिवस तिच्या मशीनवर होतं म्हणे.

"ओळख काहून दिली न्हाईस?" मी विचारलं.

"काय सांगू तिला? तुझ्या लेकराचे श्वास मी मोजले म्हणून?" असं म्हणून तिनं जुडी पिशवीत टाकली.

आता माझं लिहिते. माझे धाकटे दीर औंढ्याहून दर सोमवारी नागनाथाचं तीर्थ आणतात. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या एका सोमवारी कनेरगाव नाक्याची नर्मदाबाई विचारत विचारत दारात आली. तिचा नातू सहा दिवसांचा, मशीनवर. सुनेचे टाके पिकलेले, ती दुसऱ्या वॉर्डात पडून. आईचं दूध वाटीत घेऊन लेकरापर्यंत न्यायचं ते ही म्हातारीच करायची.

"माय, लेकराला दम पुरना," ती म्हणाली. "तीर्थ तोंडात घालू देत न्हाईत, अंगाला लावू देत न्हाईत. मंग कसं करू?"

मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तीर्थ भरलं, त्यातलं बेलाचं पानही आत सरकवलं. वर चिठ्ठी चिकटवली, 'तीर्थ, सोमवार', माझ्या सवयीप्रमाणे. आणि म्हणाले, "त्या बुडबुड्यांच्या पाण्यात चार थेंब टाका. लेकराचा श्वास त्यातूनच जातो."

हे मला माहीत होतं, कारण शिलानं सांगितलं होतं.

चार थेंबांनी आजीचं मन कुठलं भरायला. शिला दुसऱ्या लेकराचं वजन करत होती तेवढ्यात तिनं सगळी बाटली ओतली. पाठमोऱ्या शिलाला बुडबुड्यांचा आवाज जड झालेला कळला. वळून बघते तर पाणी सातच्या वर आणि त्यावर बेलाचं पान. तिनं पाणी कमी केलं, डॉक्टरांना बोलावलं, लेकराच्या छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुस शाबूत होतं.

पण झालं ते रजिस्टरात लिहावं लागतं. शिलानं लिहिलं, 'पाणी भरताना माझ्याकडून जास्त झालं.' दोन दिवसांनी तिला त्या खोलीतून काढून मलमपट्टीच्या खोलीत बसवलं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं फक्त धुतलेली बाटली पायरीवर आणून ठेवली. "काकू, तुमची बाटली," म्हणाली आणि आत गेली. त्याला अकरा दिवस झाले. ती पायरीवर बसली नाही.

काल नर्मदाबाई नातवाला घरी नेताना दारात थांबली आणि तिनं सगळं सांगितलं. "त्या बाई म्हनल्या, तुमचं नाव लिवलं तर तुमाला आत येऊ देनार न्हाईत. मंग लेकराला दूध कोन आनून देईल?"

"आणि माझं नाव?"

"तुमचं त्यांनी चिठ्ठीवरल्या अक्षरावरूनच वळखलं. म्हनल्या, ते ऱ्हाऊ द्या."

मी घरात यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू तीर्थच दिलंस ना, विष तर नाही?" पाणी नागनाथाचं होतं, पण किती ते शिलानं ठरवायचं होतं. हे मी बोलले नाही, इथं लिहिते.

मग तिच्या दारात गेले. ती भाकरी खात होती, ताट खाली ठेवून.

"शिला, मी डॉक्टरांना सांगते."

"काहून? लेकरू गेलं की घरी चांगलं."

"तुझी मशीनं..."

"दुसरी पोरगी तपासते. बराबर तपासते." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "सकाळी सातला काय करावं ते समजना, काकू. एवढंच."

बस म्हणाली नाही. मीही उभीच राहून परत आले.

लेकरू घरी गेलं, आता नाव कळलं तरी नर्मदाबाईचं काही अडणार नाही. तिला फोन केला. येते म्हणाली. उद्या साडेदहाला तिला बसस्टँडवरून घेऊन दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांकडे खरं काय ते सांगायला जायचं आहे.