भिंतीला चिकटलेला टीव्ही

कडेगावच्या अंजनाक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, लोक भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. नवरा फौजेत असताना जिनं एकटीनं उसाचं रान सांभाळलं, तोडणीच्या मुकादमाला बांधावर उभं करून जाब विचारला, तिनं गोड बोलून काय मिळवलं असतं? आता ज्ञानूदाजी कायमचे घरी आलेत, पण अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, कॉटवर पडून असतात. जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान या माणसानं गावात असताना कधी चुकवलं नाही. यंदा जड जिभेनं बायकोकडं एकच मागितलं, "कुस्त्या बघायच्यात."

हल्ली मैदान मोबाईलवरून टीव्हीवर थेट दिसतं. त्यासाठी त्यांच्या मुलानं, राजवर्धननं, फौजेतून सुट्टीवर येताना मोठा टीव्ही आणला. तो लावायला रिकामी भिंत एकच आणि कॉटही तिलाच लागून. म्हणजे सोफ्यावरून चित्र छान दिसणार आणि कॉटवरून नुसती कड. कॉट आडवी फिरवावी तर दाजींचे पाय दक्षिणेला येतात. जित्या माणसाचे पाय दक्षिणेला नकोत, यावर मात्र अख्ख्या घराचं लगेच एकमत झालं.

आक्कानं टीव्हीच्या मागच्या चार भोकांवर वर्तमानपत्र दाबून पेन्सिलीनं खुणा केल्या आणि तो कागद घेऊन विट्याचं दुकान गाठलं. दुकानदारानं त्या मापाचे दोन स्टँड दाखवले. एक भिंतीला सपाट चिकटणारा, दुसरा पुढं ओढून हवा तिकडं वळवता येणारा. टीव्हीचं वजन किती, हे मात्र तिला सांगता येईना. म्हणून घरी येऊन तिनं कागद लेकाच्या हातात दिला. "खोक्यावरचं वजन बघ आन जा. वळणाराच आन."

राजवर्धन सपाट घेऊन आला.

"शोरूमगत बसतोय बघ आई. त्यो दुसरा लय बेंगरूळ दिसतोय. जत्रंला पाव्हणं येनार. आन भोकं जुळली की!"

भोकं जुळली! अरे, टीव्ही बघणार कोण होतं, भिंत? सांगताना माझं डोकं अजून तापतं. आक्का कडाकडा बोलली. पोरगं म्हणालं, जत्रा झाल्यावर बदलू. जत्रा झाल्यावर! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी त्या जत्रेला नव्हते तेच बरं झालं, नाहीतर एखाद्याचं ताट भिरकावलं असतं. पुढचं सगळं आक्कानंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सोपा पाव्हण्यांनी भरला. येईल त्यानं कॉटपाशी थांबून "आता बरं हाय न्हवं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मटणाचं ताट घेऊन बैठक मारली. टीव्हीवर हलगी कडाडली, मोठी जोड आखाड्यात उतरली. "पट काढला रं!" पाव्हणे ओरडत होते आणि दाजी मान तिरपी करकरून वर बघायची धडपड करत होते. मान तेवढी वळेना. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले.

आक्कानं ते स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. तशीच आली, पिठाच्या हातांनी टीव्ही स्टँडवरून उचलला आणि वायर पुरेल तिथं, कॉटच्या कडेला, पोटाशी धरून उभी राहिली. पडदा दाजींकडं, पाठ पाव्हण्यांकडं.

"आई, पाव्हणं बसल्याती!"

"बसू द्यात. आन ह्ये पडल्यात त्यांचं काय?"

टीव्हीवर हलगी वाजतच होती. थोड्या वेळानं आक्काचे दंड थरथरायला लागले. फौजेतला लेक आणि अंगापिंडानं भरलेले पाव्हणे आपापल्या ताटाकडं बघत बसले. लाज कशी वाटली नाही मेल्यांना!

दाजींनी डोळे उघडले होते. थोडा वेळ त्यांनी कुस्ती बघितली, मग कडा घट्ट धरलेले बायकोचे हात बघितले. चांगला राहिलेला डावा हात त्यांनी हळूहळू वर नेला आणि टीव्हीला खालून लावला. त्यांना काही तो भार पेलणार नव्हता. पण भरल्या सोप्यात हात लावणारा तेवढा एकच माणूस निघाला.