दिसतंय ते सांगा

"थांबवा. इथंच थांबवा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी रिमोटचं बटण दाबलं.

टीव्हीवर जुना काळा-पांढरा पिक्चर होता. कोर्टाचा सीन. साक्षीच्या पिंजऱ्यात एक बाई उभी आणि समोर आरोपी म्हणून तिचा सख्खा भाऊ. वकिलानं तिला काहीतरी विचारलं. मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसले. काय विचारलं ते डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, "खून करताना तू यालाच पाहिलंस ना, असं विचारतोय." आता ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी थांबवायला लावलं.

"काय म्हणेल ती?"

"खरं बोलेल. शपथ घेतलीय."

"नाही. गप्प बसेल."

"गप्पच बसायचं तर कोर्टात कशाला तडमडली?"

"लावा पैज. हरेल त्यानं चहा करायचा."

"आत्ताच बघू की. उरलाय किती तो."

"आज दमले हो. उद्या सकाळी या. आणि चहा करताना माझ्या कपबशा फोडू नका, चांगल्या आहेत."

म्हणजे मी हरणार हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी बूट चढवले, दार ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडून मुलाच्या घरी आलो. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. इचलकरंजीला यंत्रमागावर उभा राहून जन्म गेला. मागाच्या खडखडाटानं दोन्ही कान अर्धे नेले. बायको गेली तेव्हा मुलानं मला इथं अमेरिकेत, बॉथेलला आणलं. इथं झाडं उंच आणि माणसं हळू बोलणारी. समोरचा हसतोय एवढं मला दिसतं, का हसतोय ते कळत नाही. मुलगा आणि सून घरातच कानाला हेडफोन लावून काम करतात. नात म्हणते, "आजोबा, व्हॉल्यूम!" म्हणजे मी मोबाइलवर काही लावलं तर ते बारीक करायचं. बारीक केलं की मला ऐकू येत नाही. मग मी नुसती चित्रं बघायचो. माणसं येतात, जातात, तोंडं हलवतात. तुम्ही कधी आवाज बंद करून तमाशा बघितलाय का? तसं माझं आयुष्य चाललं होतं.

डॉक्टरबाई भेटल्या त्या टपालाच्या डब्यापाशी. इथं सगळ्या गल्लीचे डबे एका जागी असतात, ज्याच्या त्याच्या किल्लीचे. एक म्हातारी किल्ली घालत होती, डबा उघडत नव्हता, परत घालत होती. समोरच्या घरात मराठी बाई राहतात हे सुनेनं सांगितलं होतं, त्या याच.

मी म्हटलं, "तो तुमचा डबा नाही. कालपण तुम्ही हाच उघडत होता."

त्या वळल्या. माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या कानाकडं बघितलं. नंतर कळलं, त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं तेवढं अंधुक दिसायचं. माणसाला बघायचं तर त्याच्या शेजारी बघावं लागायचं.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल वाटलं, तुम्हाला कळेल."

"इथं कुणी चुकलं असं म्हणत नाही. सगळे 'इट्स ओके' म्हणतात आणि निघून जातात. चहा घेता का?"

त्या भूल द्यायच्या डॉक्टर. पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आलेल्या, इथल्या दवाखान्यात जन्म काढलेला. माणूस झोपला की नाही, श्वास कसा चाललाय, हे बघत उभं राहायचं काम. नवरा गेला, नोकरी संपली, मग डोळे. आवाज मात्र खणखणीत होता. ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जावं असा. इथं आल्यापासून मला पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

असं आमचं जुळलं. त्यांना दिसत नव्हतं, मला ऐकू येत नव्हतं. दोघांचा मिळून एक धड माणूस व्हायचा आणि तो रोज सकाळी पिक्चर बघायचा. दिसतंय ते मी सांगायचं, बोलतायत ते त्या सांगायच्या. दोघं एकदम बोलत असू, त्यात पिक्चर राहून जायचा. मग मागं नेऊन परत.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "आता हिरोला वाईट वाटतंय."

"ते तुम्हाला कसं कळलं? दिसतंय काय ते सांगा. वाटतंय काय ते नको."

"खिडकीपाशी उभा आहे. हातात टोपी. टोपी नुसती फिरवतोय."

"हां. आता मला कळलं त्याला काय होतंय ते."

हे त्यांचं कायमचं. दिसतंय ते सांगा. पेशंट घाबरलाय असं नर्सनं म्हटलं तर त्या नर्सला झापायच्या म्हणे. घाम आलाय का, नाडी किती, ते सांग. मला हे सोपं गेलं. मागावर सूत तुटलं तर तुटलं म्हणायचं असतं, त्याला काय वाटलं असेल ते नाही बघायचं.

त्यांच्याकडं इथल्या मराठी मंडळातल्या बायका यायच्या. "काकू, किती छान दिसताय!" म्हणायच्या. त्या गेल्या की मला विचारायच्या, "कशी दिसतेय मी?"

"स्वेटर उलटा घातलाय. टिकली भुवईत गेलीय."

"बघा. तासभर बसल्या, एकीनं सांगितलं नाही. उद्या माझं नाक गळून पडलं तरी छान म्हणतील."

मोबाइलवरचे स्वयंपाकाचे व्हिडिओ त्यांना फार आवडायचे, पण चिडण्यासाठी. एक पोरगी पुरणपोळी करत होती. मी सांगितलं, पुरण सैल आहे, पोळी फाटली, आता तिनं ती बाजू खाली केली. "लबाड," बाई म्हणाल्या. मग पोरगी काय बोलतेय ते मला सांगितलं, "म्हणतेय, बघा किती मऊ झालीय." आम्ही इतके हसलो की मला ठसका लागला. बायको गेल्यापासून मी हसलो नव्हतो, हे मला पाणी पिताना लक्षात आलं.

माझी बायको पिक्चरवेडी. जत्रेत तंबूचा सिनेमा आला की शेजारणींबरोबर जायची. मला रातपाळी. सकाळी आलो की भाकरी वाढता वाढता सगळा पिक्चर सांगायची, गाण्यांसकट. मी पिक्चर बघितलेच नाहीत, ऐकले. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं काम आता तुम्ही करताय." मी रिमोट उचलून पुढचा पिक्चर लावला.

पुस्तकांचं एक कपाट होतं त्यांचं, भिंतभर. डोळे गेल्यावर ती सगळी मुकी झालेली. मला म्हणाल्या, वाचा. मी म्हटलं, मला वाचता येतं ते बसची पाटी वाचण्यापुरतं. "मग पाटी समजून वाचा." मी बोट ठेवून वाचायचो. एक पान वाचेपर्यंत चहा गार. अडलो की पुढचं त्या पाठ म्हणायच्या.

"पाठ आहे तर माझ्याकडनं कशाला वाचून घेता?"

"तुम्ही अडता तिथं मला नवीन वाटतं. आणि सातवी पास, पूर्णविरामाला श्वास घ्या. मराल."

एक अख्खी कादंबरी मी अशी संपवली. जन्मातली पहिली. शेवटचं पान झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडनं ते पुस्तक घेतलं आणि त्याच्यावरनं हात फिरवून परत मला दिलं. "ठेवा तुमच्याकडं."

एकदा त्यांनी मिरज लावायला सांगितलं. त्यांचं माहेर. एक माणूस मोबाइल धरून गावातनं नुसता चालत जातो, बोलत काही नाही, असा व्हिडिओ असतो ना, तसला. बाई आवाज ऐकत होत्या, मी सांगत होतो. चपलांचं दुकान. गिरणी. रिक्षा. तलाव आला. त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

"आता डावीकडचा बोळ. कोपऱ्यावर आमचं घर. बाहेरून लाकडी जिना."

मी बघितलं.

"घर नाही. मोबाइलचं दुकान आहे. वर पाटी, हिरवी. जिना नाही."

त्यांच्या मुलीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नीट दिसत नाही, आई. मला तसं सुचलं नाही. त्यांनी माझ्या कानाकडं बघितलं.

"बरं. पुढं काय आहे?"

"पुढं रसवंती आहे. घुंगरू बांधलंय."

"ते ऐकू येतंय मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हालाच बोलावते."

मुलानं मला कानाचं मशीन आणलं. ते घातलं की सगळे आवाज ताटं आदळल्यासारखे वाटायचे. मी काढून ठेवलं. मुलगा त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेला. "डॉक्टर काकू, तुम्ही तरी त्यांना कन्व्हिन्स करा. प्लीज." बाईंनी मला त्याच्यासमोर चांगलं फैलावर घेतलं. कान वापरले नाहीत तर मेंदू आळशी होतो, वगैरे. मुलगा खूश होऊन गेला. दार लागल्यावर म्हणाल्या, "घरी घालत जा. इथं येताना काढून या."

"का?"

"मग मला काम काय राहिलं?"

मी रोज तसंच केलं. गेलं की त्या विचारायच्या, "कानात काही नाही ना?" मी नाही म्हणायचो. मग त्या चहा ठेवायच्या. चहा त्याच करायच्या, मला हात लावू देत नसत. दिसायचं नाही, पण उकळण्याच्या आवाजावर त्यांना कळायचं. "ऐका, आवाज जड झाला. आता वर येणार." मी म्हणायचो, मला काय ऐकू येतंय. "मग बघा तरी." आणि चहा काठाशी यायला आणि त्यांनी बटण फिरवायला एकच गाठ पडायची. कधी उतू गेला नाही.

त्या पैजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो. मुलगा जवळ येऊन बसला. माझ्या कानापाशी तोंड आणून म्हणाला, "आप्पा, काकू गेल्या. झोपेतच. त्यांची मुलगी आलीय."

मी बूट घातला. दुसरापण घातला. मग खण उघडून मशीन काढलं आणि कानात बसवलं.

मुलगी इथल्या मोठ्या तळ्यापलीकडं राहते. रोज झोपताना आईला फोन करायची. काल रात्री उचलला नाही म्हणून आलेली. न्यायची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली होती. ती कोचावर बसली होती, हातात रिमोट. इथंच जन्मलेली पोर, मराठी फार येत नाही. मला बघून उठली, "काका" म्हणाली आणि परत बसली.

मी माझ्या जागी बसलो. त्या घरात भिंतीवरचं घड्याळ वाजतं, फ्रिज घुमतो, बाईंच्या खुर्चीपाशी गरम हवा सोडायची जाळी आहे ती शिट्टीसारखी वाजते. इतके दिवस मी त्या घरात बसत होतो. मला वाटायचं, तिथं फक्त त्यांचा आवाज आहे.

"वॉज शी वॉचिंग धिस?" तिनं टीव्हीकडं बोट केलं.

"आम्ही दोघं. शेवट राहिला."

तिनं बटण दाबलं. कोर्ट आलं, पिंजऱ्यातली बाई आली. वकिलानं तोच प्रश्न परत विचारला. ह्या वेळेला मी तो माझ्या कानानं ऐकला. बाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर होता.

ती बाई भावाकडं बघत राहिली. जज्ज काही म्हणाला. तिनं पदर तोंडाला लावला.

"काका, व्हॉट इज शी सेइंग?"

मी मशीन बोटानं दाबून धरलं. घड्याळ तेवढं ऐकू आलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गप्प आहे."

"नथिंग?"

"नथिंग. तुझ्या आईनं सांगितलं होतं."

पोर रडायला लागली. मी उठलो आणि आत जाऊन चहा ठेवला. त्या घरात पहिल्यांदाच. आलं कुठं असतं ते माहीत होतं, रोज बघत होतो. पाणी, साखर, पत्ती, दूध. भांड्यापाशी वाकून उभा राहिलो. आधी बारीक फसफस झाली, मग आवाज जड होत गेला. मी बटण फिरवलं.

तिला एक कप दिला, एक मी घेतला. पिऊन झाल्यावर दोन्ही कपबशा धुतल्या, पुसल्या आणि बाई ठेवायच्या तिथं ठेवल्या. एकही फोडली नाही.