किरणांची मात्रा काढणारी नलू

माझी थोरली बहीण नलिनी हॉस्पिटलात कामाला आहे म्हटलं, की घाटकोपरच्या आमच्या चाळीत लोक विचारायचे, "नर्स का?" मी सांगायचे, "नाही, फिजिसिस्ट." त्यापुढे कोणी काही विचारत नसे.

आमचे बाबा, दशरथ मेस्त्री, मालवणहून येऊन गिरणीत लागलेले. संपात गिरणी सुटली, आणि त्याच सुमारास नलू एम.एस्सी.नंतरचा किरणोपचाराचा कोर्स संपवून एका कॅन्सर हॉस्पिटलात लागली. पेशंटला किरणं किती, कुठे आणि किती वेळ द्यायची, हे गणित करून ठरवणं हे तिचं काम.

शहाऐंशी साली मरोळ गावठाणातल्या अँजेलिना मिस्किटा तिथे आल्या. लग्नाचे गाऊन शिवणाऱ्या बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास. स्तनात गाठ होती. तेव्हा बहुतेक बायकांचा स्तनच काढून टाकत. विभागातले डॉक्टर चंद्रप्रकाश मात्र नवी पद्धत सुरू करत होते. फक्त गाठ काढायची, काही आठवडे बाहेरून किरणं द्यायची, आणि शेवटी गाठीच्या जागी बारीक प्लास्टिकच्या नळ्या ओवून त्यांत इरिडियमच्या किरणोत्सारी तारा दोनेक दिवस ठेवायच्या. अँजेलिनाबाई तयार झाल्या. तारा ठेवण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नलूला विचारलं, "पोरी, जास्त पडली तर काय होईल गं?"

"कातडी जळेल, आंटी. आणि कमी पडली तर गाठ परत येऊ शकते. म्हणून आधी मोजायचं."

"मग नीट मोज. मला घाई नाय."

घाई डॉक्टरांना होती. नळ्या सकाळी घातल्या होत्या आणि संध्याकाळी तारा भरायच्या होत्या. नलूने समोरून आणि बाजूने काढलेले एक्स-रे लावले आणि प्रत्येक नळीची जागा मोजली. नळ्या सारख्या अंतरावर हव्या होत्या. पण आतल्या बाजूच्या दोन एकमेकींच्या फार जवळ सरकल्या होत्या, त्याही कातडीलगत. बाहेरच्या बाजूला अंतर वाढलं होतं.

"नेहमीच्या तक्त्यावरून तारा किती तास ठेवायच्या ते काढून दे ना," डॉक्टर म्हणाले.

"तक्ता सारख्या अंतराचा आहे, सर. हे बघा. इथे जवळजवळ दुप्पट पडेल, आणि तिकडे कमी."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "नळ्या परत घालायच्या म्हणजे पुन्हा भूल. मग काय करायचं?"

"जवळच्या दोघींपैकी एकीत आखूड तार घालू, आणि ती बाकीच्यांच्या आधी काढू. बाकीच्या थोड्या जास्त वेळ ठेवू. मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

"दोनदा तारा हाताळायच्या म्हणजे आपल्या माणसांच्या अंगावरही जास्त किरणं."

"तेही मोजते. मर्यादेच्या बरंच आत राहील. काढताना मी स्वतः उभी राहीन."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. बाईंना मी सांगतो, उद्या भरू."

कॅल्क्युलेटर आणि आलेखाचा कागद घेऊन नलू बसली. गाठीच्या जागेतला एकेक बिंदू घ्यायचा, त्यावर प्रत्येक तारेची किती मात्रा पडते ते काढायचं, सगळ्यांची बेरीज करायची. मग तारेची लांबी बदलून पुन्हा पहिल्यापासून. सकाळी तिच्या वरिष्ठ पद्मजाबाईंनी तेच बिंदू घेऊन स्वतंत्र गणित केलं. उत्तरं जुळली. तारा भरल्या गेल्या. ठरल्या वेळी शिशाच्या आडोशामागे उभं राहून नलूने आखूड तार काढून घेतली, आणि नंतर बाकीच्या.

अँजेलिना आंटींची कातडी थोडी लाल झाली, मग निवली. पुढच्या नाताळात त्या फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि इंदियाल या आंबट-तिखट मटणाचा डबा घेऊन आमच्या घरी आल्या. डॉक्टरांकडून कळलेलं एवढं सगळं मला त्यांनीच सांगितलं. नलू घरी काही बोलायची नाही. त्यांची तपासणी दरवर्षी चांगली येत राहिली. अशाच उपचारासाठी मग मुलुंड, बोरिवलीहूनही बायका येऊ लागल्या, आणि एक्स-रे आले की डॉक्टर आधी विचारायचे, "नलिनीने पाहिलं का?"

त्या नाताळात आंटी आल्या त्या दिवशी बाबा बाजूला बसून सगळं ऐकत होते. त्या गेल्यावर ते नलूला म्हणाले, "गो बाये, ह्यां सगळां तू हिशोबान केलंस?"

"हो, बाबा."

बाबा उठले, सदरा चढवला आणि गॅलरीत गेले. बाजूच्या काशीरामकाकांना बोलावून त्यांनी आमच्या नलूचं काम काय असतं ते समजावून सांगायला घेतलं. निम्मं चुकत होतं. नलू आतून ऐकत हसत होती, पण तिने त्यांना मध्ये थांबवलं नाही.