पोचल्याचा मिस्ड कॉल

आमच्या घराण्यात काळजी हा आजार नव्हता, सद्गुण होता. वडील गावाला निघाले की दीड तास आधी स्टेशनवर जाऊन बसत आणि तो दीड तास गाडी चुकली तर काय, याचा विचार करण्यात घालवत. काका परीक्षेच्या निकालाच्या दिवशी जेवत नसत. निकाल माझा असे. जो काळजी करत नाही त्याला आमच्याकडे बेफिकीर म्हणत, आणि हा शब्द 'दारुड्या' म्हणावं तशा सुरात उच्चारला जाई. अशा घरातून निघून मी एका विमा कंपनीत लागलो आणि वाहन-अपघातांचे दावे तपासू लागलो. त्या कागदांनी माझं डोकं बिघडवलं असं लोक म्हणतात, पण कागदांवर उगाच आळ आहे. डोकं मी घरूनच तसं घेऊन गेलो होतो.

बायको अमरावतीकडची. पुण्यात शिकायला आली, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना माणसं कमी पडत होती त्या दिवसांत हडपसरच्या एका कंपनीत लागली. आम्ही धायरीला फ्लॅट घेतला, कारण आम्हाला परवडेल असा तो तिथेच होता. धायरी ते हडपसर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. ती ते स्कूटरवर पार करायची. मी बसने जायचो. दिवसभर स्कूटरचे पंचनामे वाचणाऱ्या माणसाने स्कूटरवर बसावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

त्याच सुमारास मोबाइल आमच्यासारख्यांच्या खिशात आला आणि त्याच्या मागोमाग मिस्ड कॉल. फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा आणि तोडायचा. समोरच्याने उचलायचा नाही. निरोप पोचतो आणि खर्च शून्य, ही सोय पुण्याला आवडली नसती तरच नवल. मी लगेच नियम केला: ऑफिसात पोचलीस की पावणेदहाला एक मिस्ड कॉल. ती हसून "बरं बाप्पा" म्हणाली.

मी साडेआठला घर सोडायचो, ती माझ्यामागून पंधरा मिनिटांनी निघायची. साडेनऊ वाजले की माझं काम थांबे. समोर दावा उघडा असे, पण लक्ष फोनच्या काचेवर. तळहात ओले, चहावर साय. मनात दांडेकर पुलापासून फातिमानगरपर्यंतचा एकेक चौक येऊन जाई आणि प्रत्येक चौकात तिला काहीतरी झालेलं असे. पावणेदहाला फोन एकदा वाजून थांबला की जीव भांड्यात पडायचा. मग मी साय बाजूला करून चहा प्यायचो आणि दुसऱ्यांचे अपघात शांतपणे तपासायचो. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणायचे, "आली का वहिनींची सलामी? आता आमच्या फायली हलतील."

एके दिवशी सलामी आली नाही. दहा वाजता मी फोन लावला. मग पुन्हा. अकरा वेळा लावला आणि मग रिक्षा केली. हडपसरपर्यंत मी रस्त्याच्या दोन्ही कडा बघत गेलो, कुठे काचा, कुठे गर्दी. रिक्षावाल्याने विचारलं, "काही पडलंय का साहेब?" तिच्या कंपनीच्या स्वागतकक्षात मी कसा दिसत होतो ते मला ठाऊक नाही, पण तिथल्या मुलीने आधी मला पाणी दिलं आणि मग नाव विचारलं. बायको खाली आली. सकाळी साडेनऊलाच परदेशी ग्राहकाबरोबर मीटिंग सुरू झाली होती, फोन पर्समध्ये होता. तिच्यामागे काचेपलीकडे तिच्या ऑफिसातली माणसं उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मी जिवंत आहे. आता जा."

त्याच आठवड्यात तिला सहा महिन्यांसाठी परदेशात, ऑनसाइट पाठवायचं ठरलं. त्या काळात ऑनसाइट म्हणजे काय ते पुण्यातल्या कुठल्याही सासूला विचारावं. नातेवाइकांत वजन त्यावर ठरायचं. तिने चार वर्षं या संधीची वाट पाहिली होती. घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. तुमची ही अशी अवस्था असेल तर मी नाही म्हणते. पण नाही म्हटल्याचं मी विसरणार नाही, हेही सांगून ठेवते."

मी डॉक्टरांकडे गेलो. मनाच्या डॉक्टरांकडे. ऑफिसात पाठदुखी सांगितली होती, त्यामुळे तीन जणांनी तेल सुचवलं. डॉक्टर बाई आमच्याच पेठांतल्या असाव्यात, कारण सहानुभूतीवर त्यांनी वेळ घालवला नाही.

"फोन केल्याने त्या सुखरूप पोचतात का?"

"नाही."

"मग कोणासाठी करता?"

"माझ्यासाठी."

"चला, एवढं तरी खरं बोलता."

मग त्यांनी समजावलं. खाज आली की खाजवल्यावर बरं वाटतं, पण त्याने खाज जात नाही, वाढते. मिस्ड कॉल हे माझं खाजवणं होतं. धडधड ही शरीराने दिलेली हाक, पण हाक आली म्हणजे चोर शिरला असं नव्हे. ती जरा वेळ राहते आणि आपली आपण ओसरते, मात्र मी ती कधी ओसरूच दिली नव्हती. उपाय असा: फोन आवाज बंद करून खणात ठेवायचा आणि पावणेदहानंतर आधी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस मिनिटं बघायचाच नाही. श्वास सावकाश सोडायचा आणि मनात काय काय येतं ते कागदावर लिहायचं.

पहिल्या दिवशी मी पाच मिनिटांत खण उघडला. कागदावर 'ट्रक' एवढाच शब्द होता. पण बाईंचं म्हणणं हळूहळू खरं ठरत गेलं. पंधराव्या मिनिटाला वाटे की आता छाती फुटणार, आणि पंचविसाव्याला मला भूक लागलेली असे. तिसऱ्या आठवड्यात मी चाळीस मिनिटं काढली. रविवारी दुपारी जेवताना हा पराक्रम मी बायकोला ऐकवला. "शुक्रवारी तू पावणेदहाला पोचलीस आणि मी पार दहा पंचविसाला फोन बघितला."

ती भात कालवायची थांबली. "मी पावणेदहाला पोचत नाही," ती म्हणाली. "पावणेदहाला मी घरीच असते. मिस्ड कॉल देते, चहा घेते आणि दहानंतर निघते. आमच्याकडे वेळेचं बंधन नाही, आणि दहानंतर रस्ता मोकळा असतो."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं. त्या मीटिंगच्या दिवशी खरोखरच लवकर गेले, म्हणूनच तर विसरले."

मी चिडलो. विश्वासघात, फसवणूक, असे आमच्या दाव्यांतले शब्द वापरले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उजव्या हाताचं कोपर पुढे केलं. तिथला व्रण मला माहीत होता. ती जिन्यावरून घसरली होती, म्हणून सोसायटीच्या सभेत भांडून मी प्रत्येक पायरीला खरखरीत पट्टी बसवून घेतली होती.

"जिना नव्हता तो," ती म्हणाली. "स्वारगेटला पडले. त्या दिवशी उशीर झाला होता, तुमचा फोन पर्समध्ये वाजत होता, थांबतच नव्हता. माझा हात तिकडे गेला. बस मागेच होती."

इतकी वर्षं मी ज्या अपघाताची वाट बघत होतो, तो मीच घडवून आणला होता. आणि नंतरची दोन वर्षं ती फातिमानगरच्या रस्त्यावर असताना मी ऑफिसात निवांत चहा पीत होतो. माझी शांती आणि तिची सुखरूपता यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. हे पटवायला डॉक्टर बाईंनी आणखी सहा महिने घेतले असते. लाज इतकी वाटली की काळजी करायला जागाच उरली नाही.

"तू जा," मी म्हणालो. "उद्याच हो म्हणून सांग. मला आता भीती नाही."

तिने कालवलेला भात बाजूला सारला. मग म्हणाली, "मला आहे."

खरं सांगतो, मला आधी काही कळलंच नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिला कशाची भीती वाटते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "या घरात घाबरायची सगळी जागा तुम्हीच अडवून ठेवली. मी कुठे घाबरायचं?"

मी विचारलं, कशाची भीती वाटते. ती उष्ट्या हाताने सांगत बसली, हात वाळून गेला तरी. तिथे आजारी पडले तर कोण बघणार. इंग्रजी बोलताना अडखळले तर काय म्हणतील. इतक्या लांबून आईला काही झाल्याचं कळलं तर. मी मध्ये उपाय सुचवायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग ती थांबली. शेवटची भीती तिने सर्वांत हळू सांगितली, माझ्याकडे न बघता.

"आणि तिथे एकटीला फार बरं वाटलं तर?"

माझ्या छातीत ओळखीची धडधड सुरू झाली. या वेळी धडधडीला कारण होतं. मी ती ओसरायची वाट न बघता म्हणालो, "तरी जा."