उपरण्यातल्या चार गुंड्या

माझे वडील वर्गातली मुलं डोळे मिटून ओळखत असत, आणि त्यांच्या निवृत्तीच्या महिन्यात त्यांतली चार मी वातींसाठी कापायला दिली.

हे जरा सविस्तर सांगायला हवं.

आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या बाजूला आमचं गाव. सातवीपर्यंत शाळा. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बाबा तिथे सूतकताई शिकवत. वर्धा जिल्ह्यात तेव्हा हा विषय गांभीर्याने घेतला जाई. त्याला वेगळा तास होता आणि वेगळे गुण होते. बाकीचे शिक्षक भूगोल, गणित मागून घेत. सूतकताई कोणी मागत नसे, म्हणून ती अठ्ठावीस वर्षं बाबांकडे राहिली.

तास मधल्या सुट्टीनंतर असे. मुलं जेवून येत, मांडी घालून बसत आणि तकली फिरवत. तकली म्हणजे खाली पितळी चकती असलेली वीतभर काडी. एका हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू, दुसऱ्या हाताने काडीला गिरकी. एकोणीस तकल्या फिरू लागल्या की वर्गात एक बारीक घूं घूं भरून राही. हात हळूहळू वर जात, धागा लांबत जाई, खिडकीबाहेर फुटलेल्या कपाशीचा पांढरा पट्टा दूरवर गेलेला दिसे, आणि शेत कुठे संपलं व पेळू कुठे सुरू झाला हे थोड्या वेळाने कळेनासं होई. बाबा रांगांमधून फिरत. त्यांचेही डोळे अर्धे मिटलेले असत. (मुख्याध्यापक एकदा काही सांगायला दारात आले, दहा मिनिटं उभे राहिले आणि काय सांगायचं होतं ते विसरून परत गेले.)

कातलेल्या सुताची गुंडी होई. शनिवारी शेवटच्या तासाला सगळ्या गुंड्या नावाच्या चिठ्ठ्या काढून टोपलीत टाकल्या जात. बाबा डोळे मिटून एकेक उचलत, बोटांनी चाचपत आणि ती कोणाची ते सांगत.

"ही मंदाची. पीळ जास्त. जरा सैल सोडत जा बाई, सुताले बी आन् लोकायले बी."

वर्ग हसे. मंदा सगळ्यांत जास्त हसे. गुण कितीही मिळोत, आपलं नाव डोळे मिटलेल्या गुरुजींच्या तोंडून यावं, यासाठी मुलं आठवडाभर कातत.

ही मंदा सातवीची वर्गनायिका. मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि साचलेली रजा घेऊन घरी आलो होतो. एके दुपारी बाबा आर्वीला गेलेले पाहून ती थैली घेऊन आली. तिने मला जे सांगितलं ते असं : निरोप समारंभात गुरुजींना वर्गाच्या सुताचं उपरणं द्यायचं ठरलं आहे. एकोणीस मुलं, एकोणीस गुंड्या. आष्टीचा विणकर दहाव्या दिवशी येऊन सूत नेईल. उभे धागे त्याचे. आडवे मुलांचे, एकामागून एक, मध्ये लाल दोरा घालून. म्हणजे प्रत्येकाचा एक पट्टा. क्रम हजेरीचा नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. कितवा पट्टा आपला हे मुलांनी पाठ केलं होतं. गुरुजींना ते माहीत नव्हतं. त्यांनी समारंभात ओळखायचं.

"शाळेत ठेवलं त गुरुजी वासानं ओळखतीन," मंदा म्हणाली. "तुमच्यापाशी ठेवा. आन् दादा, ही कुसुमची पाहून ठेवा. पयलीच गुंडी हाय तिची. दोन महिने लागले तिले."

कुसुम ही वर्गातली सर्वांत गप्प मुलगी. तिचा धागा इतका तुटे की तिची गुंडी कधी पुरीच झाली नव्हती. त्यामुळे शनिवारच्या टोपलीतून तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

मी सूत कुठे लपवलं? बाबा ज्याला कधी हात लावत नसत अशा एकाच वस्तूत : देवघरातल्या आईच्या पत्र्याच्या डब्यात. गुप्त बातमी कशी सांभाळायची हे आम्हाला कामावर शिकवलेलं होतं.

आईने त्या चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता, हे मला माहीत होतं. त्या वाती सुताच्या करतात, हे माहीत होतं. ते सूत त्याच डब्यात असतं, हेही माहीत असायला हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून मी ओसरीवर आलो, तर आई आणि शेजारच्या शांताकाकू समोरासमोर बसलेल्या, मध्ये कात्री, आणि बोटभर तुकड्यांचा पांढराशुभ्र ढीग.

"माय, हे सूत कुठलं?"

"माहं सरलतं," आई शांतपणे म्हणाली. "डबा उघडला त भरलेला. देवानंच धाडलं म्हनलं."

चार गुंड्या संपल्या होत्या. चिठ्ठ्या आईने डब्याखाली नीट जपून ठेवल्या होत्या. मी त्या वाचल्या : गजानन, विमल, दामोदर, कुसुम.

मी खाली बसलो. सगळा प्रकार सांगितला. शांताकाकूंनी कात्री ठेवून दिली. आई म्हणाली की सूत देवाच्याच कामी लागलं, वाया थोडंच गेलं. पण तिचा आवाज उतरला होता. बाबा जेवताना रोज मुलांबद्दलच बोलत, त्यामुळे ही चौघं तिच्याही ओळखीची होती.

मंदाला सांगावं, असं एकदा मनात आलं. पण कुसुमला दोन महिने लागले होते, आणि हातात सात दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी हिंगणघाटला गेलो. मिलच्या सुताला तिथे तोटा नाही. तीन बसगाड्या बदलून संध्याकाळी परत आलो आणि चार सुंदर, पांढऱ्या, एकसारख्या गुंड्या आईपुढे ठेवल्या. आईने एक हातात घेतली.

"हे त कोनाचंच नाई," ती म्हणाली.

शांताकाकूंनीही चाचपून पाहिलं आणि मत दिलं की असं सूत कातणारं पोरगं वर्गात असतं, तर गुरुजींनी त्याला कधीच दवाखान्यात दाखवलं असतं.

उरला एकच मार्ग. ती चार मुलं मी कातायची.

मी गोठ्यात बसलो. बाबा शाळेत गेले की तकली काढायची, ते यायच्या आत गवतात खुपसायची. आई दारात बसून मजकूर पुरवी. "गजानन दर चार हातावर जाडा होते. त्याले भूक लागते." "विमल सुरुवातीले बारीक कातते, मंग कंटाळते." "दामोदरचं लक्ष बाहेर राह्यते; मधीच नुसता पीळ, कापूस नाई." पहिल्या दीड दिवसात मी गजानन संपवला. पुढे विमलला लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणाऱ्या माणसाने चुका जशाच्या तशा घालायला बसावं, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. माझ्या हातून विमलच्या जागी गजाननच्या चुका होत.

तिसऱ्या दुपारी मात्र काहीतरी झालं. ऊन गोठ्याच्या दारापर्यंत येऊन थांबलं होतं. म्हैस रवंथ करत माझ्याकडे पाहत होती. तकली फिरत होती, धागा येत होता, आणि मी कुठेच नव्हतो. दामोदर खिडकीबाहेर का पाहतो हे मला त्या वेळी अगदी स्पष्ट दिसलं. बाहेर कपाशी होती, कपाशीवर आभाळ होतं, आणि दोन्हींत फार फरक नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती बाबांच्या आवाजाने. शाळा लवकर सुटली होती, ते दोर न्यायला आले होते. मी तकली मांडीखाली घेतली. (तिचं टोक अणकुचीदार असतं.)

"काय करून राह्यला?"

"म्हैस पाहून राह्यलो."

बाबांनी म्हशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पाह्य," म्हणाले, आणि दोर घेऊन गेले.

कुसुमचं सर्वांत अवघड गेलं, कारण तिच्या सुताचा नमुना कोणीच पाहिला नव्हता. आईलाही काही सांगता येईना. ती गुंडी मी मला जमेल तशी कातली. धागा तुटला की जोडला. पुष्कळदा तुटला.

दहाव्या दिवशी विणकर सूत घेऊन गेला. मी चारही चिठ्ठ्या आपापल्या जागी बांधल्या होत्या.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं. शिक्षकी पेशा पवित्र असल्याचं त्यांनी तीन वेळा सांगितलं. मग मंदाने उपरणं बाबांच्या खांद्यावर घातलं आणि काय करायचं ते सांगितलं. बाबांनी ते उतरवून मांडीवर पसरलं. समोर एकोणीस मुलं मांडी घालून बसली होती. बाबांनी डोळे मिटले आणि पहिल्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"मंदा."

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. नाव आणि एकेक शेरा. एकही चूक नाही. सहाव्या पट्ट्यावर बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तो माझा गजानन होता. मी मागच्या रांगेत गावकऱ्यांत उभा होतो आणि नागपूरची गाडी किती वाजता आहे ते आठवत होतो.

"गजानन," बाबा म्हणाले. "जेवून कातत जा, बाप्पा."

पटांगण हसलं. गजानन दोन्ही कान धरून हसला. अकराव्याला विमल, चौदाव्याला दामोदर. एकही अडला नाही. मी ताठ उभा राहिलो. इतकी बेमालूम नक्कल जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला साधली नसती, असं माझं मत होत चाललं.

शेवटचा पट्टा आला. बाबा बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले. मुलांत हालचाल नव्हती. कुसुम आपण उभ्या राहिलो आहोत हे न कळता उभी राहिली होती.

"आन् ही कुसुमची," बाबा म्हणाले. "पयली गुंडी. लय वेळा तुटली, तरी सोडली नाई पोरीनं."

कुसुम खाली बसली आणि तिने तोंडावर हात घेतले. शेजारच्या विमलने तिला कोपराने ढोसलं. टाळ्या वाजल्या त्या मुख्याध्यापकांच्या भाषणाला वाजल्या होत्या त्याहून जास्त.

घरी येताना मी आईला म्हणालो की बाबांना काही कळलं नाही.

संध्याकाळी बाबा ओसरीवर चहा पीत होते. उपरणं मांडीवरच होतं.

"सुधाकर," ते म्हणाले. "सहा, अकरा, चवदा आन् एकोनीस. चारईत हात एकच. हे चार पट्टे तुहे हायत."

मी कबूल केलं. डबा, वाती, हिंगणघाट, गोठा. आईने मधेमधे वातींची बाजू मांडली. सगळं ऐकून घेतल्यावर बाबा म्हणाले की गोठ्यात आले तेव्हाच त्यांना शंका आली होती. म्हशीकडे इतका वेळ कोणी पाहत नाही.

"पण मग त्या चौघांची नावं कशी सांगितली? सूत तर माझं होतं."

"सुताकडं कोन पाह्यते?" बाबा म्हणाले. "पट्ट्यावर बोट ठेवलं की ज्याचा हाय तो पोरगा श्वास धरते. मान पुढं येते. कुसुम त उभीच राह्यली."

"म्हणजे डोळे उघडे होते?"

"जराशे."

"शनिवारी पण?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. "सुरुवातीची चार-पाच वर्षं सुतावरून ओळखायचो. मंग एक दिवस ओळखता ओळखता चुकून डोळे उघडले. नाव घ्यायच्या आधी पोराचं तोंड कसं होते ते दिसलं. तवापासून पुरे मिटले नाई." मग म्हणाले, "तेवढं पाहाले त जात होतो रोज."

अंगणात ऊन उतरत होतं. शांताकाकू वातींचं ताट घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या. त्यांत कोणता गजानन आणि कोणती कुसुम हे आता देवालाच ओळखावं लागणार होतं, आणि तिथे श्वास धरून बसायला कोणी नव्हतं. आम्ही तिघंही ते ताट दिसेनासं होईपर्यंत पाहत बसलो.

मग बाबांनी खिशातून पेन्सिल काढली, उपरणं उजेडाकडे धरलं, चारही पट्टे पुन्हा तपासले आणि चहाच्या पुडीच्या कागदावर आकडा लिहून माझ्याकडे सरकवला. शंभरपैकी बावीस. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत. मी फेरपरीक्षेची विनंती केली. बाबा म्हणाले की नियमाप्रमाणे ती फक्त विषयशिक्षक घेऊ शकतो आणि विषयशिक्षक दुपारी साडेतीन वाजता निवृत्त झाले. त्यामुळे अर्जात शिक्षणाच्या रकान्यात मी बी.ए. असं लिहितो खरं. पण सातवी अजून सुटायची आहे.