तर्जनीचं अर्धं पेर

अवधूत हल्ली फोनवर प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो, ही माझी काळजी आहे. जेवलास का, हो. झोप होते का, हो. या रविवारी येतोस का, यालाही हो, आणि येत नाही. त्याच्या हेब्बाळहून आमचं जे. पी. नगर म्हणजे काही परगाव नव्हे, एकाच शहराची दोन टोकं. पण आठ महिन्यांत माझा मुलगा या घरात दोनदा आला, दोन्ही वेळा चपला काढण्याआधीच निघायची वेळ सांगून.

असा तो नव्हता. लहानपणी बोलून भंडावून सोडायचा. सहावीत असताना गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एक माणूस काढायचा. पानं भरभर सोडली की माणूस उडी मारायचा. मी रागावले तर म्हणाला, "थांब गं, गुडघा वाकतो तेव्हाचं चित्र राहिलंय."

पुढे त्यावरच त्याचं पोट भरलं. जुन्या चित्रफिती सुधारून देणाऱ्या कंपनीत तो लागला. चित्रफीत म्हणजे शेवटी एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. जुन्या कॅमेऱ्यात ती कमी असतात, म्हणून माणसं धक्के खात चालल्यासारखी दिसतात. मधली, कधी काढलीच न गेलेली चित्रं संगणकाकडून तयार करून घेतली की हालचाल सलग होते. त्यासाठी त्याने स्वतःचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. पहिल्या चित्रातला प्रत्येक ठिपका दुसऱ्यात कुठे सरकला हे शोधायला त्यात वेगळा भागच असतो, आठवड्याचं काम दिवसात होतं, असं तो मला कौतुकाने सांगत होता. मी म्हणाले, आवाज केवढा करतं पण.

माझे यजमान रत्नाकर गेल्यावर त्याने घरातली एक जुनी फीत शोधून काढली. चार मिनिटांची. मराठी मंडळाची कॅरम स्पर्धा, आणि हे अंतिम सामना खेळताहेत. हे मूळचे निपाणीचे. इथल्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरी झाली आणि तिथेच उजव्या तर्जनीचं टोक गेलं. त्याच आखूड बोटाने ते स्ट्रायकर मारायचे. समोरचा हसला तर म्हणायचे, "स्वल्प थांबा, अजून पूर्ण बोट लावलेलं नाही."

फितीत नेमकी ती टिचकी दिसत नव्हती. एका चित्रात बोट ताणलेलं, पुढच्यात स्ट्रायकर पार पलीकडे. अवधूतला मधलं हवं होतं. वर्षश्राद्धाला सगळ्यांना दाखवायचं म्हणून तो रजा काढून, यंत्रासकट पंधरा दिवस आधी आला आणि मागच्या खोलीत बसला. एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्याने विचारलं, "आई, बाबांचं बोट नेमकं कुठून तुटलं होतं? सरळ की तिरकं?"

मी कणीक मळत होते. मला ते बोट आठवायचं नव्हतं. "आता ते जाणून काय करायचंय?" मी म्हणाले. तो परत खोलीत गेला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तो विद्याधरभाऊजींना, ह्यांच्या धाकट्या भावाला, आणायला स्टेशनवर गेला. मी केळीच्या पानांसाठी बाजारात निघाले. बाहेर पडताना घरातले सगळे खटके बंद करायचे, ही ह्यांनीच लावलेली कारखान्याची शिस्त. मागच्या खोलीत कुणी नव्हतं, पडदा काळा होता आणि टेबलाखालचा डबा नुसता घुरघुरत होता. मी तोही खटका बंद केला. परत आले तेव्हा अवधूत त्या खटक्यापाशी उभा होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही. त्याने यंत्र पुन्हा चालू केलं. पण रात्री भाऊजी त्याच खोलीत झोपायचे होते, म्हणून मीच ते बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर फीत लागली. अवधूत नको म्हणत होता, भाऊजींनी हट्ट धरला. हे वाकले, हसले, पाट सरकवून बसले, अगदी तेच. मग टिचकी आली, आणि आखूड बोट ताणत ताणत लांब झालं. क्षणभर पुरतं अखंड दिसलं. भाऊजी म्हणाले, वर गेल्यावर दादाला बोट परत मिळालं की. सगळे हसले. मी उठले.

"हे माझ्या नवऱ्याचं बोट नाही," मी म्हणाले. "यंत्रातून माणूस बनवायचा खेळ तुझ्या कंपनीत खेळ. बाबांशी नको."

अवधूतने वायर काढली आणि गुंडाळून ठेवली.

आज संध्याकाळी सुनेचा, उल्काचा फोन आला. बोलता बोलता तिने सांगितलं की अवधूतने कार्ड विकायला काढलंय, घेणारा उद्या सकाळी येतोय. कंपनीतही त्याने दुसरं काम मागून घेतलंय. मी म्हणाले, बरं झालं, घरातली घुरघुर तरी थांबेल.

उल्का म्हणाली, "आई, त्याने सांगू नको म्हटलंय. पण ते बोट त्याने बरोबर केलं होतं."

पूर्ण बोटांचीच सवय असलेलं यंत्र आपल्या मनाने बोट लांबवतं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून जुने फोटो समोर ठेवून त्याने चित्रामागून चित्रात त्या बोटाची कड हाताने आखली होती. श्राद्धाच्या आदल्या दिवशी पहाटेपासून यंत्र शेवटची फीत तयार करत होतं. तासाभराचं काम उरलं होतं. मी खटका बंद केला आणि अर्धवट राहिलेली ती फीत परत उघडलीच नाही. पहिल्यापासून पुन्हा करायला रात्रभर यंत्र चालू लागलं असतं, आणि तेही मीच बंद करायला लावलं. दाखवायला उरली ती पहिली, चुकलेली.

"मग मला बोलला का नाही?" मी विचारलं.

"आदल्या दिवशी तुम्ही गडबडीत होतात," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ते बोललात."

त्याला मी जे करू नको म्हणून सुनावलं, तेच होऊ नये म्हणून तो पंधरा दिवस डोळे फोडत होता. आणि त्याने विचारायला यावं असं या जगात एकच माणूस होतं, त्या माणसाने त्याला दारातून परत पाठवलं.

साडेअकरा वाजलेत. कार्ड अजून त्याच्याकडे आहे. मुलाची माफी मागायची या घरात कधी पद्धत नव्हती, मला ती नीट जमणारही नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. बोट वरच्या पेराच्या अर्ध्यातून गेलं होतं, तिरकं. अंगठ्याच्या बाजूला नखाची बारीक कड उरली होती. ती दर रविवारी मी कापायचे, कारण ह्यांना डाव्या हाताने नेलकटर धरता येत नसे.

सकाळपर्यंत थांबत नाही. आत्ताच लावते फोन, आणि आधी हेच सांगते. तो नुसतं "हो" म्हणाला तरी ठेवणार नाही.