खुश हो, भैया?

जखमेतली माती काढता काढता ताई विचारायच्या, "खुश हो, भैया?"

समोरचा माणूस कळवळत असायचा. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाच्या मांडीत चाकू घुसलेला. तो आधी चमकायचा, मग एखादी शिवी हासडायचा आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, पण बहुतेक वेळा उत्तर द्यायचा.

उज्जैनमधल्या एका सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो आणि ताई शेजारच्या ड्रेसिंग रूममध्ये नर्स होत्या. आम्ही दोघंही माधव नगरचे, दोघंही मराठी, त्यामुळे दुपारचा चहा एकत्र व्हायचा. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. कापडाच्या गिरण्या बंद पडत होत्या आणि इंदूर रोडला शेतांचे प्लॉट पडत होते. दोन्ही कारणांनी डोकी फुटत आणि ती आमच्याकडे येत.

लाठीमारात कपाळ फाटलेला एक गिरणी कामगार ताईंना म्हणाला होता, "बहुत खुश, सिस्टर. साहब की गाड़ी का काँच फोड़ के आया हूँ." टाके पडत असताना तो हसत होता. टाके संपले तेव्हा ओक्साबोक्शी रडायला लागला.

एक सून आली होती. सासूनं पाठीवर उकळतं तेल ओतलेलं. ताईंनी तिलाही सोडलं नाही. ती पालथी पडूनच म्हणाली, "यहाँ अच्छा लग रहा है. कोई चिल्ला नहीं रहा." ताईंनी डॉक्टरांना काय सांगितलं माहीत नाही, पण ती मुलगी वॉर्डात बरीच जास्त राहिली. सासू न्यायला आली की ताई म्हणायच्या, "घाव अभी गीला है."

शहरातला एक नामी गुंड कान तुटलेल्या अवस्थेत आला. बाहेर त्याची माणसं उभी, आत हा. ताईंनी कापूस दाबत विचारलं. तो म्हणाला, "नहाते वक़्त भी दरवाज़ा खुला रखता हूँ सिस्टर, कोई आए तो दिखना चाहिए." चहाच्या वेळी ताई मला म्हणाल्या, "इतका घाबरट माणूस मी आजवर पाहिला नाही रे."

"पण ताई, असल्या वेळी कशाला छळता लोकांना?"

"शांत बसलेला माणूस ऐकीव सांगतो. प्रवचनातलं. रक्त वाहून राहिलं असलं की आपलं स्वतःचं सांगतो."

"आणि तुमचं स्वतःचं काय?"

"माझं सोपं आहे. दाराची कडी वाजली आणि छातीत धस्स झालं नाही, म्हणजे सुख. आता वाजत नाही तशी कडी. मी सुखी आहे."

त्यांचे यजमान वारले होते. घरी भिंतीवर फोटो होता, पण मी कधी त्याला हार पाहिला नाही. एकच मुलगा. देखणा, उंच, बी.कॉम. नापास. एका जमीनवाल्याकडे कामाला लागल्यापासून त्याच्याकडे नवी मोटरसायकल आली, कमरेला पेजर आला. टावर चौकात भेटला की मोठ्यानं "काका!" म्हणून हाक मारायचा. काम काय करतोस विचारलं की म्हणायचा, "ज़मीन ख़ाली करवतो."

ते कसं करतात, हे एका दुपारी कळलं.

आधी एका माळ्याला आणलं. इंदूर रोडवर त्याचा गुलाबांचा लहानसा तुकडा होता, तो विकायला तयार नव्हता. उजव्या हाताची बोटं फरशीनं तोडलेली. फरशी म्हणजे आमच्याकडची लांब दांड्याची कुऱ्हाड. डोक्यावरही वार होता. त्याची बायको तुटलेली बोटं ओढणीच्या पदरात घेऊन आली होती आणि ज्याला त्याला विचारत होती, "जुड़ जाएँगी ना? जुड़ जाएँगी ना?" ताईंनी ती हातात घेतली, माळ्याचा हात बांधला, त्याला ऑपरेशनला पाठवलं. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर कोपरापर्यंत रक्त होतं.

तेवढ्यात तळहात फाटलेला एक तरुण आत आला. झटापटीत त्याचंच हत्यार त्याला लागलं होतं. तो ताईंचा मुलगा होता. मागोमाग हवालदार.

हवालदार हिंदी बोलणारा, त्याला मराठी येत नव्हती. मुलानं तेवढंच हेरलं. स्टुलावर बसत, चेहरा सरळ ठेवून तो मराठीत म्हणाला, "आई, मी सकाळपासून घरीच होतो. खिडकीची काच लागली. एवढंच सांग, बाकी शेठ बघून घेतील."

मी दारात फिल्म घेऊन उभा होतो. ताईंनी त्याच्या तळहातावर पाणी ओतलं. जखम उघडी केली. ह्या एका जखमीला मात्र त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मग मान वर करून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, हिंदीत म्हणाल्या, "हवलदार साहब, ये मेरा लड़का है. कह रहा है मैं झूठ बोलूँ कि ये घर पे था. ये सुबह से घर पे नहीं था."

मुलगा उठला आणि धड हातानं त्यानं औषधांचा ट्रे भिंतीवर फेकला. बाटल्या फुटल्या, स्पिरिटचा वास भरला. "तू आई आहेस का कोण आहेस!" तो ओरडला. हवालदारानं आणि मी मिळून त्याला खाली दाबलं. ताई काचांवरून चालत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि तशा दाबून धरलेल्या हाताला त्यांनी पट्टी बांधली. नीट, गाठ मारून.

माळ्याची बोटं जुळली नाहीत.

त्यानंतर जमीनवाला मिठाईचा डबा घेऊन ताईंच्या घरी गेला. ताईंनी डबा परत पाठवला, तेव्हा घरावर दगड पडले. साक्षीची तारीख जवळ आली आणि भर सकाळी देवास गेटला सवारीच्या टेंपोतून उतरताना दोघांनी ताईंना ओढून खाली पाडलं, लाथा घातल्या, हातावर लोखंडी नळी मारली. बाजार चालू होता. पेरूवाल्यानं आपली हातगाडी मध्ये घातली म्हणून त्या वाचल्या.

एक्स-रेच्या टेबलावर मी त्यांचा हात सरळ करत होतो. दुखतंय का, असं पुन्हा पुन्हा विचारत होतो. त्या म्हणाल्या, "घाबरू नको. ह्या हाताला सवय आहे."

"म्हणजे?"

"मुलाचे वडील. दारू न पिता मारायचे, म्हणून जास्त लागायचं. पोरगा कोपऱ्यात उभा राहून बघायचा." मी हाताखाली फिल्म सरकवली तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं होतं, ते गेले म्हणजे संपलं."

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून त्या कोर्टात उभ्या राहिल्या. मी सोबत होतो. मुलाच्या वकिलानं विचारलं, पोटच्या मुलाविरुद्ध बोलताना लाज नाही वाटत? त्या म्हणाल्या, "आती है. इसीलिए बोल रही हूँ." मुलाला सजा झाली. ज्या शेठसाठी त्यानं हे केलं, तो मात्र मोकळाच राहिला. त्याच्या कॉलनीच्या कमानीवर दिवाळीत दिवे लागले.

ताई दर महिन्याला भैरवगडच्या जेलवर जायच्या. मुलगा सुरुवातीला बाहेरच येत नसे. त्या चिवडा शिपायापाशी देऊन परत यायच्या. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. एकदा मी न राहवून म्हणालो, "ताई, गप्प बसला असतात तर आज घरात सून असती, नातवंडं असती."

"असती ना. सुख असतं. मी कधी म्हटलं सुख नसतं म्हणून?" त्या चहा ढवळत राहिल्या. "पण त्या बाईनं पदरात बोटं आणली होती, ती मी ह्या हातांनी घेतली. मग नातवाला ह्याच हातांनी वरण-भात भरवायचा? इतके दिवस मी लोकांना चुकीचं विचारत होते रे. खुश तर तेल ओतणारी सासूही असेल."

तो प्रश्न त्यांनी मग सोडून दिला. जखम धुताना नुसतं म्हणायच्या, "हो गया, भैया. बस, हो गया."

मुलगा सुटला तोवर त्या रिटायर झाल्या होत्या. माधव नगरात दोघांना राहणं अवघड होतं, म्हणून त्यांनी खंडव्याला खोली घेतली. निघायच्या सकाळी मी मदतीला गेलो. मुलगा सुकला होता, केस विरळ झाले होते. आईशी कामापुरतं बोलत होता. "हे घ्यायचं?" "हे राहू दे?"

टेंपोवाल्यानं कपाट चढवताना हयगय केली. आरसा फुटला. मुलगा एका उडीत खाली आला, टेंपोवाल्याची कॉलर धरून त्यानं त्याला टेंपोवर आपटलं आणि मूठ उगारली. टेंपोवाल्याच्या नाकातून रक्त आलं होतं.

ताई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना कुणी काही करत नव्हतं. पण त्यांचा तो वाकडा जुळलेला हात आपोआप वर गेला आणि त्यांनी चेहरा झाकला. खांदे आवळले, मान आत घेतली, डोळे मिटले.

मुलानं ते पाहिलं.

मूठ तशीच हवेत होती. टेंपोवाला शिव्या देत होता, त्या त्याला ऐकू येत नसाव्यात. त्यानं कॉलर सोडली. आईपाशी गेला, पण जवळ जाऊन थांबला, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मग ते त्यानं पाठीमागे बांधले, शाळेत उभं करतात तसे, आणि म्हणाला, "आई, डोळे उघड. मी काही करत नाहीये."

ताईंना डोळे उघडायला वेळ लागला. तो तसाच उभा राहिला.